मालकाचा नारळ

चंद्रव्वानं पहिली आरोळी ठोकली तेव्हा चादरीच्या बंद शेडमध्ये एकटे गुरुशांत बिराजदार होते, पण ऐकणाऱ्यांची संख्या पाच-सहा हजारांच्या घरात असावी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली कबुतरं त्या आवाजानं उडाली ती थेट कर्नाटकात जाऊन उतरली, आणि त्यांच्या पिल्लांना आता मराठी कळत नाही म्हणतात. होटगीच्या स्टेशनात सिग्नलची वाट बघत थांबलेली मालगाडी सिग्नल न बघताच निघाली. शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातला एक विणकर तीन वर्षांपासून एका कानानं बहिरा होता, त्याला त्या दिवसापासून ऐकू येतं. आणि खुद्द गुरुशांत बिराजदार, वय त्रेपन्न, वजन ब्याऐंशी किलो, सरकारचे जबाबदार अधिकारी, हे एका यंत्रमागाखाली शिरले. तो माग इतका बुटका होता की त्याच्याखाली शिरताना मांजरसुद्धा आधी विचार करत असे.

आरोळीत मजकूर फार नव्हता. "आत कोन हाय?" एवढाच.

"मी आहे," गुरुशांत मागाखालून म्हणाले.

"मी म्हंजे कोन?"

"अवसायक."

"काय सायक?"

"अवसायक. मला सरकारनं नेमलंय. ही संस्था गुंडाळायला आलोय."

चंद्रव्वानं दाराबाहेर पदर खोचला. मग चंद्रव्वा म्हणाली, "तीस वर्सं झाली, हितं गुंडाळायचं काम मी करते. सूत गुंडाळते कांडीवर. तुमी कुटनं नवीन आलाव?"

आणि बाहेरून कडी लागली.

गुरुशांतांनी मागाखालून स्वतःला सोडवलं, शर्टाला लागलेलं ग्रीस पँटला पुसलं आणि दाराशी जाऊन अधिकाराच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. अधिकाराचा आवाज बंद दारातून पलीकडे जात नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून दाराखालून सरकवलं.

"ह्यात केसं हायत," बाहेरून निकाल आला.

"तेव्हा होते."

"मग तवा यायचं की."

दुपारी खिडकीच्या गजांतून एक कडक भाकरी आणि शेंगाचटणी आत आली. चोर असला तरी त्याला उपाशी ठेवायची रीत चंद्रव्वाच्या माहेरी नव्हती. गुरुशांतांनी जाहीरपणे निषेध केला आणि भाकरी खाल्ली. चटणी संपल्यावर आणखी थोडी मिळेल का, असंही त्यांनी विचारलं. सरकारी कामात संवाद तुटू द्यायचा नसतो.

उन्हं कलली तेव्हा जगदेवी आली. ही चंद्रव्वाची कांडी विभागातली सोबतीण. तिनं दाराच्या फटीतून आत पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, ह्यांला कुटं तरी बघितल्यागत वाटतंय. आपल्या बचत गटाच्या मेळाव्याला एक साहेब आलते बग, स्टेजवर पुढच्या खुर्चीत झोपलेले."

चंद्रव्वानं विचार केला आणि फटीला तोंड लावून म्हणाली, "साहेब, डोळे मिटा बघू जरा."

गुरुशांतांनी डोळे मिटले.

"हेच," जगदेवी म्हणाली. "हेच ते."

कडी निघाली.

घरी गेल्यावर त्यांनी हा सगळा अपमान पत्नीला, शिवलीलाबाईंना, सविस्तर सांगितला. बाईंनी तो कणीक मळता मळता ऐकून घेतला आणि विचारलं, "त्या बाईचा नंबर घेतलाव का? असं माणूस ओळखीचं असलेलं बरं असतंय."

*

चंद्रव्वा मूळची वळसंगची. सतराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली ती धोंडप्पाच्या घरी. धोंडप्पा नवजीवन विणकर संस्थेत सात नंबरच्या मागावर चादरी विणायचा. स्वभावानं इतका शांत, की तो घरात आहे का नाही हे बघायला त्याची चप्पल शोधावी लागे. देवानं दोघांच्या वाट्याचा आवाज एकीलाच दिला होता आणि धोंडप्पाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी चंद्रव्वाही त्याच शेडमध्ये कांडी भरायला लागली.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, चादरीचं उभं सूत मागावर ताणलेलं असतं आणि त्यातून आडवं सूत घेऊन धोटा इकडून तिकडे पळत असतो. धोट्याच्या पोटात एक बोटभर लाकडी कांडी असते आणि तिच्यावर सूत गुंडाळलेलं असतं. कांडी संपली की माग थांबला. विणकर आपल्याला मोर-पोपट विणणारा कलावंत समजतो, आणि समजावंच. पण त्याचा मोर पिसाऱ्यापर्यंत पोचायचा असेल, तर पलीकडच्या कोपऱ्यात कुणी तरी बाई कांड्या भरत बसलेली असावी लागते. त्या कोपऱ्यात चंद्रव्वा आणि आणखी आठ जणी बसायच्या. त्यांना सगळे 'कांडीवाल्या' म्हणत. कुणाचं नाव घ्यायची वेळ सहसा यायची नाही.

यायची ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी सगळे माग धुऊन-पुसून त्यांची पूजा व्हायची. मग पांढऱ्या जीपमधून चेअरमनसाहेब यायचे. दाराजवळ विजेच्या मोठ्या खटक्याची एक खोली होती. तिच्या उंबऱ्यावर ते नारळ फोडायचे, खटका वर ओढायचे आणि चोवीस माग एका दमात खडखडायला लागायचे. ह्याला 'मालकाचा नारळ' म्हणत. नारळाचं तबक धरायला एक बाई लागायची. ते तबक तीस वर्षं चंद्रव्वानं धरलं.

"हा नारळ फोडायला काय लागतंय ओ?" एका खंडेनवमीला घरी जाताना तिनं धोंडप्पाला विचारलं होतं.

धोंडप्पा पाच-दहा पावलं विचार करत चालला आणि म्हणाला, "मालकी लागती."

तेवढंच बोलला. पण तो एवढं कमी बोलायचा की त्याचं प्रत्येक वाक्य चंद्रव्वाच्या लक्षात राही. हे तर तिच्या मनात रुतूनच बसलं. आपण एकदा तरी मालकाचा नारळ फोडायचा. सोनंनाणं नको, बंगला नको, तीर्थयात्रासुद्धा नको.

पुढं धोंडप्पा वारला. सात नंबरवर बाळासो नावाचा पोरगेला विणकर आला. मग चेअरमन वारले, कमिटी पांगली आणि संस्था बंद पडली. विणकर कुणी भिवंडीला गेले, कुणी पुण्यात बंगल्यांच्या दारात शिट्टी घेऊन उभे राहिले. शेडमधल्या मोटारींवर चोरांचा डोळा पडला, तेव्हा पलीकडच्या चाळीत राहणाऱ्या चंद्रव्वानं कुणालाही न विचारता खटक्याच्या खोलीला आपलं कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि राखण सुरू केली. गुरुशांत बिराजदार तिनं पकडलेले चौथे चोर होते. आधीचे तिघं मात्र खरे चोर निघाले होते.

*

संस्था गुंडाळायची म्हणजे भंगारवाल्याला बोलवायचं, अशी आजवरची पद्धत. पण गुरुशांत नुकतेच पुण्याहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यात त्यांना एक कापडी पिशवी, एक पेन आणि एक वाक्य मिळालं होतं. वाक्य असं: मालकी आली की माणूस जागा होतो. प्रशिक्षण देणाऱ्या गृहस्थांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं होतं, की जगात कितीतरी देशांत सगळे कारखाने सरकारचे होते, म्हणजे कुणाचेच नव्हते. मग एक दिवस त्यांनी ते कामगारांना वाटून टाकले. "मग पुढं काय झालं?" असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. पण उत्तर मिळायच्या आधी जेवणाची सुट्टी झाली, आणि जेवणात श्रीखंड असल्यामुळे तो विषय मागं पडला.

गुरुशांतांनी ते वाक्य पिशवीत घालून सोलापुरात आणलं आणि नवजीवन संस्थेवर सोडलं. वरून मंजुरीही मिळवली. योजना सोपी होती. चोवीस माग, चोवीस विणकर. जो ज्या मागावर शेवटी काम करत होता, तो माग त्याचा. जागेचं भाडं सगळ्यांनी मिळून भरायचं. बातमी गेली तशी भिवंडीहून आणि पुण्याहून मंडळी परतली. पुण्याहून आलेल्या बाळासोच्या गळ्यात अजून शिट्टी होती.

वाटपाच्या दिवशी चंद्रव्वा आठ जणींना घेऊन पुढं झाली. "साहेब, आमाला काय?"

गुरुशांत गडबडले. त्यांच्या योजनेत माग होते आणि मागावरची माणसं होती. कांडीवाल्या त्यांच्या लक्षातच राहिल्या नव्हत्या. ह्या बाईनं आपल्याला भाकरी घातली आहे आणि कोंडलंही आहे, ह्या दोन्ही गोष्टी त्यांना एकदम आठवल्या. त्यांनी तिथल्या तिथं हुकुमात एक ओळ वाढवली: 'शेडमधील इतर सर्व वस्तू कांडी विभागातील महिला कामगारांच्या मालकीच्या राहतील.'

"इतर म्हंजे?" चंद्रव्वानं विचारलं.

"इतर म्हणजे... माग सोडून बाकीचं. कांडी मशिनं, स्टुलं, टोपल्या, तो मोडका पंखा."

"म्हंजे केरकचरा."

"तसं नाही हो अक्का."

"अन् खंडेनवमीचा नारळ कोन फोडनार?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा," गुरुशांत म्हणाले. सरकारी आयुष्यात इतकं महागात पडलेलं वाक्य त्यांनी दुसरं उच्चारलं नव्हतं.

बायका परत कोपऱ्यात जाऊन बसल्या. जगदेवी बराच वेळ इकडं-तिकडं बघत होती. मग म्हणाली, "अक्का, माग सोडून सगळं आपलं म्हनला की ते?"

"व्हय."

"मग दार बी आपलं झालं का?"

चंद्रव्वानं दाराकडं बघितलं. मग नळाकडं. मग छताला लटकणाऱ्या ट्यूबलायटींकडं, संडासाकडं आणि शेवटी खटक्याच्या खोलीकडं. "सुम्मने बस," ती कानडीत म्हणाली, म्हणजे गप बस. पण कमरेची किल्ली तिनं जरा आत खोचली.

*

मालकी आली आणि माणसं खरोखरच जागी झाली. इतकी, की नंतर कुणाला झोप लागेना.

नरसय्या हा सगळ्यात जुना विणकर. त्यानं आपल्या मागावर लाल रंगात स्वतःचं नाव लिहून घेतलं, खाली तेलुगूत पुन्हा लिहून घेतलं, आणि घरी जाताना मागाला स्वतःची चादर पांघरायला लागला. बायकोनं विचारलं, "आणि मी काय पांघरू?" तर म्हणाला, "तुला थंडी वाजली तर तू सांगशील की." बाळासोनं सात नंबरला साखळी घालून कुलूप लावलं आणि पहिल्याच आठवड्यात किल्ली हरवली. त्यामुळं मागाची मालकी त्याच्याकडं आणि ताबा कुलपाकडं असे काही दिवस गेले. कुणी मागाला लिंबू-मिरची बांधली, कुणी फुलांची माळ. एकानं मागाला नावच ठेवलं आणि ते त्याच्या मेहुणीचं निघाल्यामुळं घरी भांडण झालं.

आपापल्या मागाला सगळे इतकं तेल घालत की चादरींना भज्यांचा वास यायला लागला. पण दोन मागांच्या मधल्या जागेचा केर कुणी काढीना. एक ट्यूब गेली, तिचा उजेड तीन मागांवर पडायचा. ती कुणी बदलायची यावर तिघांच्यात बोलणं बंद झालं आणि तिघंही अंधारात विणायला लागले. नरसय्याच्या डोक्यावरचा पत्रा गळायला लागला, तेव्हा बाकीचे म्हणाले, "माग तुझा, गळती बी तुझीच." एका लॉजवाल्यानं एकाच नमुन्याच्या दोनशे चादरी मागितल्या. त्याला चोवीस मालकांनी चोवीस नमुने दाखवले. तो जो गेला तो चादरी घ्यायला पानिपतला गेला म्हणे.

चंद्रव्वाचं मात्र ठरलेलं काम चालू होतं. 'इतर सर्व' तिच्या मालकीचं झालं म्हणून तिनं कुणाची अडवणूक केली नाही. रोज सकाळी ती खटक्याची खोली उघडायची, खटका ओढायची, परत कुलूप लावून कांडीवर बसायची. त्रास एवढाच, की पूर्वी एक संस्था कांड्या मागायची, आता चोवीस मालक मागायचे आणि प्रत्येकाला पहिल्यांदा पाहिजे असायच्या.

गुरुशांत अधूनमधून पाहणीला यायचे. "अक्का, काय म्हणतात मालक लोक?"

"मालक लई झाले साहेब," ती हात न थांबवता म्हणायची. "कारखाना कुटं दिसतोय का बघा तेवढं."

*

खंडेनवमी जवळ आली तसा तो प्रश्न उभा राहिला. मालकाचा नारळ फोडायचा कुणी?

नरसय्या म्हणाला, वयानं मी मोठा. बाळासो म्हणाला, माग तर सारखेच हायत की, वयाचा काय संबंध? चिठ्ठ्या टाकूया म्हटलं तर ज्यांचं नशीब आजवर फुटकं होतं ते नको म्हणाले. आठवडाभर काम थांबवून मालकांनी मालकीवर चर्चा केली. शेवटी असा तोडगा निघाला की प्रत्येकानं आपापल्या मागावर आपापला नारळ फोडायचा, तोही एकाच मुहूर्तावर, म्हणजे कुणी पहिला नाही आणि कुणी शेवटचा नाही. नारळ फुटताक्षणी प्रत्येकानं आपली मोटार चालू करायची.

कांडीवाल्यांचं काय, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. त्यांच्याकडं माग नव्हता, तेव्हा नारळही नव्हता. आणि चोवीस जणांना चोवीस तबकं धरायला बायका पुरणार नव्हत्या, म्हणून तेही काम ह्या खेपेला चंद्रव्वाकडं आलं नाही. सकाळी तिनं नेहमीप्रमाणं खोली उघडली, खटक्याला हळद-कुंकू लावलं, तो वर ओढला, कुलूप लावलं आणि काही न बोलता घरी निघून गेली. ती काही न बोलता गेली, हे ऐकून शहाण्या माणसानं त्या दिवशी घराबाहेर पडायला नको होतं.

गुरुशांत तर खास निमंत्रणावरून टोपी घालून आले होते. शेड सजली होती, उदबत्त्या लागल्या होत्या. गुरुजींनी हात वर केला. चोवीस विणकरांनी चोवीस नारळ मागाच्या लोखंडावर एकदम आपटले. मालकीची हौस मोठी असल्यामुळं नारळही मोठे आणले होते, पाण्यानं गच्च भरलेले. ते सगळं पाणी मागावरून जमिनीवर आलं आणि जमिनीतल्या ज्या नालीतून सगळ्या मागांच्या विजेच्या तारा गेल्या आहेत, त्या नालीत भक्तिभावानं उतरलं. त्याच क्षणी चोवीस बटणं दाबली गेली.

आवाज चंद्रव्वाच्या पहिल्या आरोळीपेक्षा थोडा कमी होता, पण उजेड जास्त पडला. मग कुठंच उजेड राहिला नाही. शेडचा नाही, शेजारच्या टॉवेलच्या कारखान्याचा नाही, पलीकडच्या पिठाच्या गिरणीचाही नाही. गिरणीतून एक जण पांढराशुभ्र होऊन बाहेर आला आणि त्याला पाहून दोघं विणकर भुताच्या भीतीनं परत आत पळाले. कुणाला इजा झाली नाही. गुरुशांतांची टोपी तेवढी धुरकटली.

"खटक्याच्या खोलीत बघा," कुणीतरी म्हणालं.

खोलीला कुलूप होतं.

*

चंद्रव्वा आपल्या घराच्या दारातच बसली होती. चोवीस मालक, एक गुरुजी आणि एक अवसायक चाळीच्या बोळात रांगेनं उभे राहिले.

"अक्का, किल्ली द्या की जरा," नरसय्या म्हणाला.

"कशाची?"

"खोलीची."

"खोली कुनाची हाय?"

नरसय्यानं गुरुशांतांकडं बघितलं. गुरुशांतांनी टोपीकडं बघितलं. "तुमची," ते म्हणाले. "हुकुमात तसंच आहे."

"मग मागायला आलाव ते बरं केलाव." चंद्रव्वा उठली नाही. "नरसय्या, तुज्या लग्नात मी नाचले हाय. बाळासो, तुला ह्या हातानं कांडी बसवायला शिकवले. आज सनाला एकानं तरी ये म्हनला का?"

बाळासो शिट्टीशी चाळा करत म्हणाला, "आक्का, तुमचा माग न्हवता नं, म्हणून..."

"माझा माग सात नंबर होता. त्याच्यावर माजा मानूस होता." तिनं कमरेची किल्ली चाचपली. "मला माग नको. तुजा तुला लाभू दे. पन तुमी चोवीस जनं मालक आनि आमी नऊ जनी इतर, असलं न्हाय चालायचं. इतर नावाचं मानूस नसतंय रे."

"मग काय म्हणणं आहे तुमचं?" गुरुशांतांनी विचारलं.

"समदं एकात घाला. माग, खटका, कांडी, संडास, समदं. तेहतीस जनांचं. अन् मालकाचा नारळ एकच. पुढल्या सालचा मी फोडनार."

"माझा माग मी देणार नाही," नरसय्या म्हणाला आणि तडक निघाला.

किल्ली चंद्रव्वानं तेव्हाच काढून दिली. अडवून धरायचं तिच्या मनात नव्हतंच. शेजाऱ्यांची वीज संध्याकाळपर्यंत आली. पण नवजीवनच्या मोटारी भिजल्या होत्या, आणि कांडीवाल्या घरून हलल्या नाहीत. नरसय्यानं आपली मोटार उन्हात वाळवली, चालू केली आणि कांडी संपल्यावर स्वतःच कांडी भरायला बसला. पहिली कांडी कांद्यासारखी झाली. दुसरी कांद्याच्या भज्यासारखी. तिसरी धोट्यात बसेना, बसली ती निघेना, आणि निघाली ती धोट्याचा तुकडा घेऊन निघाली. दोन दिवसांनी नरसय्या चंद्रव्वाच्या दारात येऊन बसला आणि म्हणाला, "अक्का, चहा देतेस का?"

चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "मागावरचं नाव पुसायचं नाही."

"कोन पुसतंय? नाव ऱ्हाऊ दे की."

"तेलुगूतलं पण."

"त्ये बी."

बाकीच्या तेवीस जणांचं चहावर भागलं.

*

अडचण आता गुरुशांतांची होती. वरचे साहेब म्हणाले, "बिराजदार, सहा महिन्यांपूर्वी तुम्ही सगळं वाटलं. आता परत गोळा करताय. ह्याला सुधारणा म्हणायचं का?"

"व्हय साहेब," गुरुशांत म्हणाले. पुण्याला 'मग पुढं काय झालं?' ह्या प्रश्नाचं उत्तर जेवणाच्या सुट्टीत गेलं होतं, ते त्यांना आता सोलापुरात सापडलं होतं. पण ते साहेबांना कसं समजवायचं ते कळेना, म्हणून त्यांनी भिजलेल्या मोटारींचे फोटो दाखवले. साहेब बराच वेळ हसले आणि हसता हसता सही केली.

तेहतीस सारख्या वाट्यांची नवी कंपनी झाली. लॉजवाल्याला हुडकून आणलं. त्याला एकाच नमुन्याच्या दोनशे चादरी मिळाल्या. वेळेच्या आधी नाही, पण मिळाल्या. ट्यूब बदलली. पत्र्याची गळती सगळ्यांची झाली आणि त्यामुळं ती थांबली. पुण्याला शिट्टी वाजवणारे आणखी दोघं परत यायचं म्हणतात. जगदेवीला सभेत बोलायला उभं केलं, तर ती एवढंच बोलली की संडासाला कडी पाहिजे. नवजीवनच्या इतिहासात टाळ्या मिळालेलं ते पहिलं भाषण.

चंद्रव्वा मात्र मालक झाली आणि बिघडली. तीस वर्षं ती शेडमधलं वाया गेलेलं सूत ओटीत घालून घरी न्यायची आणि त्याची दोरी वळायची. आता दुसऱ्या कुणाच्या ओटीत वीतभर सूत दिसलं तरी तिला ते मैलावरून दिसतं. माणूस खाली बसलेलं असतानाच ती पंखा बंद करते. कंपनीच्या पहिल्या सभेत ती चेअरमनच्या जुन्या खुर्चीत बसली आणि विषय दुसरा संपायच्या आत झोपली. गुरुशांतांनी तिला अजिबात उठवलं नाही. झोपलेल्या माणसाची ओळख पटते, हे त्यांना ठाऊक होतं.

खटक्याच्या खोलीची किल्ली आता चंद्रव्वा आणि जगदेवी अशा दोघींकडं असावी, असा ठराव झाला आहे. दुसरी किल्ली करायला टाकली होती. करणारा म्हणतो, नमुन्याला पहिली पाहिजे. पहिली चंद्रव्वा देत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला दारापासून लांब, तारांपासून आणखी लांब, मोकळ्या अंगणात नवा दगड बसवला. चंद्रव्वा लग्नातलं इरकल लुगडं नेसून आली. नारळ तिनं स्वतः बाजारात जाऊन, चाळीस नारळ कानाशी हलवून आणि दुकानदाराचा अंत बघून निवडला होता. तबक धरायचं काम नरसय्यानं मागून घेतलं. गुरुशांत टोपी न घालता आले होते. शिवलीलाबाईही आल्या होत्या. त्यांना ही बाई एकदा बघायची होती. बाळासो सात नंबरजवळ उभा होता आणि त्यानं त्या मागावर धोंडप्पाचा छोटा फोटो लावला होता, कुणी न सांगता.

चंद्रव्वानं उघड्या दारातून फोटोकडं एकदा बघितलं. मग दोन्ही हातांनी नारळ डोक्याच्या वर नेला, आणि अंगातला सगळा जोर लावून दगडावर आपटला.

नारळ नासका निघाला.